साडेबारा ते साडेसात : महापालिकेच्या शाळांची दारं मुलांसाठी उघडी ठेवा

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
प्राथमिक शिक्षण विभागाचे अधिकारी
आणि शहरातले सर्व नगरसेवक,

स. न. वि. वि.

मी पुण्यात घरगुती पाळणाघर चालवते. नोकरी करणाऱ्या आईवडिलांची मुलं दुपारी माझ्याकडे येतात, जेवतात, खेळतात, भांडतात, झोपतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. या कामात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्या अनुभवाच्या जोरावर आपल्याकडे एकच मागणी करते आहे. महापालिकेच्या शाळांच्या इमारती शाळा सुटल्यावर संध्याकाळी साडेसातपर्यंत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी उघड्या ठेवा. तिथे मुलांना काहीतरी पोटभर खायला मिळावं, मोकळं खेळता यावं आणि त्यांना नावानिशी ओळखणाऱ्या दोन-तीन ताया असाव्यात. एवढंच. त्या वेळेत शिकवणी नको.

असं झालं तर तुझ्याकडे मुलं कोण पाठवणार, असं मला माझ्याच कामातल्या मैत्रिणी विचारतात. माझ्या दोन खोल्या आणि गॅलरी मिळून किती मुलं मावणार? दुपारी कुलपाआड नाहीतर रस्त्यावर असलेली मुलं त्याच्या कितीतरी पट आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या आईवडिलांना माझी फी परवडत नाही. धुणंभांडी करणाऱ्या बाईला एका घरचे जेवढे पैसे मिळतात, त्यापेक्षा माझी महिन्याची फी जास्त आहे. ती कमी करावी तर भाडं, मदतनीस बाईचा पगार आणि मुलांच्या खाण्याचा खर्च निघत नाही. हा प्रश्न माझ्यासारख्या बायका घराघरांत सोडवू शकणार नाहीत, म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी वेळेचा हिशोब मांडते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे लहान मुलाला दिवसाचे चार तास, मोठ्याला साडेचार. परिपाठ, मधली सुट्टी, खिचडी हे सगळं धरलं तरी पाच-साडेपाच तासांत शाळा संपते. सकाळच्या सत्रातलं मूल साडेबारा-एकच्या सुमाराला फाटकाबाहेर असतं. त्या वेळी त्याची आई कुठल्या तरी मॉलमध्ये काउंटरमागे उभी असते, इस्पितळात ड्यूटीवर असते, हिंजवडीत मीटिंगमध्ये असते किंवा तिसऱ्या घरची लादी पुसत असते. ती घरी पोचते सातला. हिंजवडीहून येणारीला वाकडच्या गर्दीत आठही वाजतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

आईबापांच्या कामाचे तास तर वाढत चालले आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांमधली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० करायला आणि कारखान्यांमधली ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. हा निर्णय झाला तेव्हा ओव्हरटाइमची चर्चा झाली, गुंतवणुकीची झाली. या वाढलेल्या तासांत कामगाराचं मूल कुठे असेल, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. सुट्ट्यांचंही तसंच. आपल्या शाळांना रविवार सोडून वर्षाला ७६ सुट्ट्या असतात. राज्याच्या दुकानं आणि आस्थापना कायद्याने नोकरदाराला सणाच्या पगारी सुट्ट्या दिल्या आहेत ८, आणि नैमित्तिक रजा ८. उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे प्रत्येक घराने आपापलं बघायचं. धुणंभांडी करणाऱ्या बाईला तर याही सुट्ट्या नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८चा कारखाने कायदा तीसहून जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर ठेवायला सांगत होता, ते सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. १९९६चा बांधकाम कामगारांचा कायदा पन्नासहून जास्त बायका असतील तर पाळणाघर सांगत होता, तेही सहा वर्षांखालच्यांसाठी. नोव्हेंबर २०२५मध्ये या दोन्हींची जागा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने घेतली, तिच्यात पन्नासहून जास्त कामगारांची अट आहे आणि वय पुन्हा सहाच. केंद्राची राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, तिचं पुढे मिशन शक्तीखाली ‘पालना’ झालं. तीसुद्धा सहा महिने ते सहा वर्षं. अंगणवाडीही सहाव्या वर्षी संपते. बाकी कुणी यातून काय अर्थ काढेल ते काढो, मला यातून एवढंच दिसतं की सरकारच्या कागदावर सहावा वाढदिवस झाला की मुलाला सांभाळायची गरज संपते. पहिलीत बसलेलं पोर शाळेतून एकटं घरी येईल, कुलूप उघडेल, डबा काढून गरम करेल आणि सात वाजेपर्यंत शहाण्यासारखं बसून राहील, असं गृहीत धरून आपण हे शहर चालवतो आहोत.

ते बसून राहत नाही. काय होतं ते मी रोज पाहते, कारण माझ्या दारात येणाऱ्या बहुतेक आया आधी बाकी सगळे उपाय करून थकलेल्या असतात.

पहिला उपाय किल्लीचा. मुलाच्या गळ्यात नाडीत ओवलेली किल्ली असते किंवा ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात असते. बेल वाजली तरी दार उघडायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही, गॅलरीत जायचं नाही, पोचल्यावर फोन करायचा. फोन करायचा म्हणून घरात एक मोबाइल ठेवावाच लागतो, आणि मग दुपारभर त्याच्याशिवाय मुलाला दुसरं कुणी नसतं. अशी मुलं माझ्याकडे नवीन येतात तेव्हा पहिले काही दिवस त्यांना खेळायला सुचत नाही. कॅरमभोवती चार जण बसले तरी ती भिंतीला टेकून बघत राहतात. आईला वाटतं पोरगं बुजरं आहे. तसं नसतं. आपल्या वयाच्या मुलांबरोबर दुपार कशी घालवायची असते, हे त्यांना कधी करायलाच मिळालेलं नसतं.

दुसरा उपाय शेजारणीचा आणि आजीआजोबांचा. ज्यांच्याकडे आहेत ते नशीबवान. पण गावाकडून पुण्यात आलेल्या कुटुंबाचे आजीआजोबा गावीच असतात, शेती आणि म्हातारपण सांभाळत. शेजारीण एक दिवस बघते, चार दिवस बघते. तिच्याही घरी कामं आहेत.

तिसरा उपाय क्लासचा, आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. आपल्या शहरात दुसरी-तिसरीतली मुलं तीन-तीन क्लासना जातात. लोकांना वाटतं ही पालकांची हौस आहे, स्पर्धेची भीती आहे. काही घरांत असेलही. पण मला कितीतरी आयांनी स्पष्ट सांगितलंय की काकू, अभ्यासासाठी नाही हो, दोन तास पोरगी कुणाच्या तरी नजरेखाली असते म्हणून घातलं. क्लासवाल्यालाही हे माहीत असतं. मग त्या दोन तासांत काहीतरी शिकवल्याचं दाखवायला तो पाढे लिहायला लावतो, सराव चाचण्या घेतो. सकाळी पाच तास बाकावर बसलेलं मूल संध्याकाळी पुन्हा दोन-तीन तास बाकावर बसतं. आईला हवी होती राखण, आणि मुलाच्या वाट्याला येते आणखी एक शाळा, तीही बिनमैदानाची. वर त्याचे पैसे. मी शिकवणीच्या विरोधात नाही, ज्याला गणित जमत नाही त्याला ते समजावून सांगणारं माणूस मिळायलाच हवं. पण मुलाला सांभाळायला जागा नाही म्हणून त्याला शिकवणीला बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो आपण सगळे मिळून करतो आहोत.

चौथा उपाय सगळ्यात जुना आणि मला सगळ्यात जास्त सलणारा. घरातल्या मोठ्या मुलीला धाकट्यांच्या मागे ठेवायचं. मुलगी नऊ-दहा वर्षांची असते. ती शाळेतून येते, धाकट्या भावाला भरवते, त्याला शी-शूला नेते, कपडे वाळत घालते, संध्याकाळचे तांदूळ निवडते. भाऊ आजारी असला की शाळेला दांडी तिचीच. परीक्षेच्या दिवसांत आई कसंतरी जमवते, एरवी नाही. या मुलीला कुणी बालकामगार म्हणत नाही, कारण ती ‘आईला मदत करते’. सातवी-आठवीपर्यंत तिचं नाव पटावर असतं आणि मग एक दिवस नसतं. मुलींच्या गळतीची कारणं शोधायला समित्या बसतात, तेव्हा त्यांनी एकदा वस्तीत जाऊन दुपारी दोन वाजता बघावं की कुठल्या मुलीच्या कडेवर कोण आहे.

आणि पाचवा उपाय म्हणजे काहीच न करणं. मुलगा असेल तर तो गल्लीत असतो. पाचवीपर्यंतची मुलं पाळणाघरात टिकतात. पाचवी झाली की ‘मी काय लहान आहे का’ म्हणून हटून बसतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. तीन वर्षांच्या बाळांच्या शेजारी अकरा वर्षांच्या मुलाने दुपारी गादीवर पडून राहावं असं मीही म्हणणार नाही. पण तिथून तो जातो कुठे? त्याला घेणारी एकही जागा या शहरात नाही. मोठी मुलं त्याला आपल्यात घेतात, टपरीशी उभं राहायला शिकवतात, आणि पुढचं पुढे. अकरा ते चौदा हे वय सगळ्यात नाजूक, आणि नेमकं त्याच वयासाठी आपल्याकडे घर, शाळा, पाळणाघर यांच्यापैकी कुणाचंच दार दुपारी उघडं नसतं. मुलगी असेल तर ती घरात बंद. तिच्या बाबतीतली भीती मी इथे वेगळी लिहीत नाही, आपण सगळे वर्तमानपत्र वाचतो.

दुपारच्या सत्रातल्या मुलांचं हेच सगळं सकाळी होतं. आईबाप आठला बाहेर पडतात आणि मूल साडेबारापर्यंत एकटं. त्यात ८ फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. मुलांची झोप व्हावी हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पेंगुळलेली मुलं सात वाजता रिक्षात कोंबलेली मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. पण ज्या आईची बस पावणेआठला सुटते तिच्या मुलाने आठ ते नऊ कुठे थांबायचं, याची सोय त्या निर्णयाबरोबर झाली असती तर कितीतरी पालकांनी त्याला विरोधच केला नसता. मुलाची वेळ आणि पालकाची वेळ यांच्यामधली फट भरायची जबाबदारी कुणाचीच नाही, म्हणून चांगला निर्णयसुद्धा घराला जड जातो.

मी काही नवीन, परदेशी कल्पना आपल्यापुढे मांडत नाही. १८४८मध्ये ज्या पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्याच पुण्यात १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यांना दिवसा शाळेत या म्हणून सांगण्यात अर्थ नाही, हे त्यांना कळलं होतं आणि म्हणून त्यांनी शाळेची वेळ बदलली. त्यानंतर लहान मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. पालघरकडच्या आदिवासी भागात, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, त्यांनी जे केलं ते शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात मुलं पाठ करतात, पण त्याचा अर्थ महापालिकेच्या दारापर्यंत पोचलेला नाही. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नाहीत, तर मोठ्या मुलामुलींना धाकटी भावंडं सांभाळायची असतात आणि गुरं चारायची असतात. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली, म्हणजे ताईबरोबर धाकटा भाऊही येऊ शकेल. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मुलाला शाळेकडे ओढण्याआधी त्याच्या घरची गरज काय आहे ते त्या बायकांनी पाहिलं. आज जनता वसाहतीतल्या किंवा येरवड्यातल्या मुलीची गरज त्याहून वेगळी नाही.

पुण्यात याची बीजंही आहेत. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात संध्याकाळी मुलं नुसती खेळायला येतात आणि ‘नुसतं खेळणं’ किती मोठं काम आहे हे तिथे गेल्यावर कळतं. डोअर स्टेप स्कूल १९९३पासून या शहरात वस्त्यांमध्ये आणि बांधकामांवर मुलांसोबत काम करत आहे. बांधकामांवर पाळणाघरं चालवणारी तारा मोबाइल क्रेशेस आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर वाढलेली एक अख्खी पिढी या शहरात अजून आहे, तिला विचारा संध्याकाळच्या त्या दीड तासाने त्यांना काय दिलं. ही सगळी माणसं आपल्याला मदत करतील. पण संस्था आपल्या ताकदीप्रमाणे काही वस्त्यांपर्यंत पोचतात. प्रत्येक वस्तीत इमारत आहे ती फक्त महापालिकेची.

तेव्हा करायचं काय, याचा माझा आराखडा सांगते.

महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाच्या हद्दीत एक शाळा निवडा आणि येत्या जूनपासून तिथे सुरुवात करा. सगळीकडे एकदम नको, घाईने काढलेल्या योजना दोन वर्षांत बंद पडतात आणि मग ‘करून पाहिलं, चाललं नाही’ असा शिक्का बसतो. शाळा निवडताना आजूबाजूच्या वस्तीत किती बायका घराबाहेर कामाला जातात ते बघा. ही माहिती काढायला मोठं सर्वेक्षण नको, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना अर्धा तास विचारलं तरी पुरेल.

दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत दुपारी खोल्या रिकाम्या नसतात, ही अडचण खरी आहे आणि आपले अधिकारी ती पहिल्यांदा सांगतील. अशा ठिकाणी शाळेजवळचं समाजमंदिर, महापालिकेचं वाचनालय, अभ्यासिका, विरंगुळा केंद्र वापरता येईल. विरंगुळा केंद्रातले आजोबा सकाळी आणि संध्याकाळी येतात, दुपारी तिथे खुर्च्या रिकाम्या असतात. शिवाय पटसंख्या घटल्यामुळे रिकाम्या पडलेल्या खोल्या महापालिकेच्या कितीतरी शाळांत आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेच्या वेळेनंतर इमारती समाजाच्या उपयोगासाठी वापराव्यात असं म्हटलेलं आहे. म्हणजे धोरणाची आडकाठी नाही.

हे काम शिक्षकांच्या गळ्यात घालू नका. त्यांच्याकडे मतदार याद्या आहेत, जनगणना आहे, खिचडीचे हिशोब आहेत, ऑनलाइन माहिती भरणं आहे. त्यांनी आपली शाळा झाली की घरी जावं. इथे वेगळी माणसं हवीत. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या, मुलांची आवड असलेल्या बायका, डी.एड.ची मुलंमुली, निवृत्त शिक्षिका. वीस मुलांमागे एक ताई, आणि मुलं कितीही कमी असली तरी एका वेळी किमान दोन मोठी माणसं जागेवर असलीच पाहिजेत. हा नियम मी माझ्या घरी कधी मोडलेला नाही आणि आपणही मोडू देऊ नका. सगळ्यांची पोलीस पडताळणी करा. त्यांना मानधन देऊन राबवू नका, पगार द्या. अंगणवाडीसेविकांना मानधनासाठी किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं ते आठवा आणि इथे ती चूक पहिल्या दिवसापासून टाळा. मुलं माणसांना धरून राहतात. दर तीन महिन्यांनी ताई बदलली तर मुलं येणं थांबवतात, हे मी खात्रीने सांगते.

खाणं हवंच. शाळेतला पोषण आहार प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं देतो, पण तो दुपारपर्यंतचा. चार-साडेचारला मुलांना खरी भूक लागते, आणि हातात दहा रुपये असले तर ती वेफर्सच्या पाकिटावर भागते. शेंगदाणे-गूळ, केळं, उसळ, उकडलेलं अंडं, लाह्यांचा चिवडा, यातलं काहीही चालेल. जे बचत गट खिचडी पुरवतात त्यांनाच हे काम द्या.

वेळापत्रकाबद्दल माझा आग्रह आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. शाळेतून आल्यावर पहिला तास मुलांना काहीही सांगू नये. जेवायचं, लोळायचं, ज्याला झोप येते त्याने झोपायचं. सात-आठ वर्षांची मुलंही दुपारी गाढ झोपतात, आईला सांगितलं तर खरं वाटत नाही. नंतर ज्याचा गृहपाठ आहे त्याला तो करायला शांत कोपरा आणि विचारायला माणूस. मग खाणं. आणि मग अंधार पडेपर्यंत मैदान. लगोरी, लंगडी, खो-खो, काहीही. पावसात पुस्तकं, कॅरम, चित्रं, शिवणटिपण, सायकलचं पंक्चर काढायला शिकणं. बास. त्यात स्पर्धा परीक्षा, इंग्रजी संभाषण, व्यक्तिमत्त्व विकास असलं काही घुसवायचा मोह कुणाला झाला तर कृपा करून तो आवरा. अंधार पडला की मुलांचं लक्ष फाटकाकडे लागतं, तेव्हा त्यांचं मन कशात तरी गुंतायला हवं असतं, म्हणून गोष्टीची वेळ तेव्हाची ठेवा. आणि मुलाला न्यायला कोण येणार याची नोंद असलेली वही दारापाशी हवी. ज्याचं नाव त्यात नाही त्याच्या हाती मूल द्यायचं नाही, मग तो सख्खा काका असला तरी.

उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ही केंद्रं बंद ठेवलीत तर निम्मा उपयोग गेला. सुट्टीतच मुलं दिवसभर एकटी असतात. त्या दिवसांत सकाळी आठपासून उघडी हवीत.

महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना हे मोफत असावं. खासगी शाळेतली मुलंही आली तर येऊ द्या, त्यांच्या पालकांकडून उत्पन्नाप्रमाणे फी घ्या. आयटीवाल्याचं आणि मोलकरणीचं मूल एकाच मैदानावर खेळलं तर दोघांचंही भलंच होईल. पैशांबद्दल म्हणाल तर महापालिकेचं वर्षाचं अंदाजपत्रक आता बारा हजार कोटींच्या वर गेलं आहे. इमारत आहे, पाणी आहे, स्वच्छतागृहं आहेत, रखवालदार आहे. लागतील ते पगार आणि खाणं. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात आणि पुण्याभोवती अशा कंपन्या थोड्या नाहीत. पण या कामाचा मुख्य खर्च महापालिकेनेच करावा. कंपनीचा निधी एका वर्षी येतो, दुसऱ्या वर्षी आटतो, आणि मुलाला मात्र दर वर्षी दुपार असते.

एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, सुशिक्षित लोकांकडूनही. मुलं सांभाळणं आईचं काम, सरकारने कशाला करायचं? जे हे म्हणतात ते ‘आईवडिलांचं’ असं फार क्वचित म्हणतात. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात दिसलं की आपल्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो, आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. नोकरी करणारी आई यातून सुटत नाही. मूल पहिलीत गेलं की नोकरी सोडणाऱ्या किती हुशार मुली मी पाहिल्या, त्या राजीनामा देताना कुणी त्यांना थांबवलं नाही. त्यांचं मूल तीन वर्षांचं असताना त्यांनी निभावून नेलं होतं. कारण तेव्हा पाळणाघर दिवसभराचं होतं. शाळा सुरू झाल्यावर त्यांची सोय तुटली. आणि ज्यांना नोकरी सोडणं शक्यच नाही, जिच्या पगारावर घर चालतं, तिला हा आक्षेप ऐकवण्यात काय अर्थ आहे? मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने घ्यावी का, यावरही एकेकाळी असेच वाद झाले. जर्मनीने २०२१मध्ये कायदा करून ऑगस्ट २०२६पासून पहिलीच्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास शाळा आणि सांभाळ मिळून हक्क देण्याचं ठरवलं. पुढे दर वर्षी एकेक इयत्ता वाढवत २०२९पर्यंत तो चौथीपर्यंत न्यायचा आहे. त्यांच्याकडेही सगळी माणसं आणि सगळ्या खोल्या तयार नव्हत्या. त्यांनी तारीख आधी ठरवली.

आपणही तारीख ठरवा. पंधरा शाळांची यादी, त्यासाठीची तरतूद आणि भरतीची जाहिरात एप्रिल संपण्याआधी प्रसिद्ध करा, म्हणजे पालकांना जूनची व्यवस्था करता येईल. केंद्र चालवणाऱ्या तायांना शिकवायचं असेल, तर शहरातल्या माझ्यासारख्या पाळणाघरवाल्या बायका त्यासाठी वेळ देतील. मी काही जणींशी बोलले आहे आणि त्या तयार आहेत. मुलांच्या दिवसाचा तक्ता, आठवड्याच्या खाण्याची यादी, नोंदवहीचा नमुना, पालकांकडून घ्यायच्या माहितीचा अर्ज हे सगळं आमच्याकडे वापरून वापरून पक्कं झालेलं आहे, ते आपल्या शिक्षण विभागाकडे आणून देऊ. पहिल्या बैठकीला आम्हाला बोलवा. फक्त ती सकाळी अकराच्या आत ठेवा, साडेबाराला आमची मुलं येतात.

आपली,
पुण्यातली एक पाळणाघरचालक